टाके, सुई, ड्रेसिंग: कॅज्युअल्टीत मुलाचं दुखणं आणि भीती कमी कशी करायची

टाके घालताना मूल सर्वांत मोठ्यानं कधी ओरडतं? बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, सुई आत जाताना. बेळगावात कॅज्युअल्टीत नर्स म्हणून बारा वर्षं काढल्यावर माझं उत्तर वेगळं आहे. सर्वांत मोठी किंकाळी सुईच्या आधी येते. चार मोठी माणसं चारी बाजूंनी जवळ येतात, कुणीतरी "हिडकोरी" म्हणतं, म्हणजे धरा, आणि मुलाचे हातपाय गादीवर दाबले जातात. तोवर सुई ट्रेमध्येच असते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीची पोरं बेळगावला येतात, हद्दीपलीकडून चंदगडचीही येतात. घरी मराठी बोलणारं मूल टेबलावर पडतं तेव्हा डॉक्टर कन्नडात बोलत असतात, वॉर्डबॉय हिंदीत आणि औषधांची नावं इंग्रजीत. बैलहोंगलच्या कन्नड पोरासमोर आम्ही मराठी सिस्टर एकमेकींशी मराठीत बोलतो तेव्हा त्याचंही तेच होतं. आपल्या अंगाला काय करणार हेच कळत नसेल तर मोठा माणूससुद्धा घाबरेल. म्हणून आईबापांनी करायचं सर्वांत मोठं काम म्हणजे मुलाला त्याच्या भाषेत, खरं आणि वेळेवर सांगणं. बाकीच्या गोष्टी त्याच्या जोडीला.

आधी हे बघा: थांबायचं की पळायचं

हा लेख किरकोळ दुखापतींसाठी आहे: फुटलेलं कपाळ, कोयत्यानं कापलेलं बोट, कुत्र्याचा चावा, नाकात घातलेला मणी, छोटा भाजलेला डाग. मूल गुंगीत असेल, डोक्याला मार लागून पुन्हापुन्हा उलट्या होत असतील, श्वासाला त्रास असेल, साप चावला असेल, विंचू चावून घाम सुटून हातपाय गार पडले असतील, किंवा खेळण्यातला बटण सेल गिळला अथवा नाकात घातला असेल, तर इथलं पुढचं काही करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

पहिली दहा-वीस मिनिटं घरीच

घरी नीट केलेला प्रथमोपचार हाच पहिला वेदनाशामक असतो. भाजलं तर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडा, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद नको. लावलेलं सगळं आम्हाला नंतर घासून काढावं लागतं आणि तेव्हाचं रडणं भाजण्याच्या रडण्याहून मोठं असतं. कापलं तर स्वच्छ फडकं जखमेवर दाबून धरा, दहा मिनिटं, मधे उचलून बघू नका. चहापूड, कॉफी पावडर जखमेत भरू नका. कुत्रा चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हे धुणं मुलाला झोंबतं, पण रेबीजपासून वाचवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे, म्हणून रडला तरी सोडू नका. हात मोडल्यासारखा वाटला तर पुठ्ठा किंवा जाड वही हाताखाली ठेवून ओढणीनं बांधा. हलणारं हाड दुखतं, आधार मिळाला की मूल बरंच शांत होतं.

मग पॅरासिटॅमॉल. हे औषध ताप आल्यावरच द्यायचं असा आपल्याकडे समज आहे, तो सोडून द्या. वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा डोस. पुढचा डोस चार ते सहा तासांनी, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतात. बाटलीवर "५ मिलीत १२० मिलिग्रॅम" लिहिलं असेल तर साडेसात मिली, "५ मिलीत २५०" असेल तर साधारण साडेतीन मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन तर कधीच नको. औषधाचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो. खानापूरहून बेळगावला पोचेपर्यंत तेवढा वेळ जातोच, म्हणून निघतानाच द्या आणि किती वाजता दिलं ते लक्षात ठेवा.

खाण्याचं मात्र जपा. जखम मोठी असेल किंवा हात वाकडा दिसत असेल तर वाटेत बिस्किट, दूध देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असावं लागतं, आणि गाडीतल्या एका पार्ले-जीच्या पुड्यापायी मूल तासन्‌तास ताटकळत बसलेलं मी पाहिलंय. शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

वाटेत काय बोलायचं

इथे बहुतेक जण चुकतात आणि तेही प्रेमापोटीच. "काही करणार नाहीत, नुसतं बघणार" असं सांगून आणलेलं मूल सुई दिसली की आईकडे बघतं. ती नजर मी फार वेळा पाहिली आहे. त्यानंतर आई काहीही म्हणाली तरी ते ऐकत नाही, आणि पुढच्या वेळीही ऐकत नाही.

खरं सांगा, पण थोडक्यात. चार वर्षांच्या मुलाला असं: "सोनू, तुझ्या कपाळाला चीर पडलीय. डॉक्टरकाका ती शिवणार. आधी एक औषध टोचणार, ते जरा चावल्यासारखं लागंल, दहा आकडे म्हणेस्तोवर. मग ती जागा झोपंल. मी सगळा वेळ तुझ्याजवळच बसणार हाय." यात काय होणार, कसं वाटेल, किती वेळ आणि आई कुठे असेल, एवढं सगळं आलं. मोठ्या मुलाला हे निघतानाच सांगितलं तर चालतं, त्याला विचार करायला वेळ हवा असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र पोचल्यावर, थोडंच आधी सांगा. तासभर आधी सांगितलं तर तासभर घाबरेल.

काही वाक्यं जिभेवर येऊ देऊ नका. "रडलास तर डॉक्टर आणखी एक सुई देतील." "मुलगा हायस न्हवं, मुलगे रडतात काय?" "सॉरी बाळा, सॉरी." शेवटचं ऐकून नवल वाटेल, पण आई पुन्हापुन्हा माफी मागायला लागली की मुलाला वाटतं, आता काहीतरी भयंकर होणार. "दुखायलंय काय? दुखायलंय काय?" असं सारखं विचारल्यानंही लक्ष दुखण्यावरच राहतं. रडायला पूर्ण मुभा द्या: "रड हवं तेवढं, फक्त हात दगडासारखा ठेव."

निघताना घ्यायच्या वस्तू थोड्याच: लसीकरणाचं कार्ड, मुलाचं आवडतं खेळणं किंवा अंगावर घ्यायची चादर, एक जादा शर्ट, आणि चार्ज केलेला फोन. फोनवर दोन-तीन व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा, कारण हॉस्पिटलच्या आतल्या खोल्यांत नेटवर्क बऱ्याचदा जातं.

पोचल्यावर काय मागायचं

मागायला लाजू नका. जिल्हा रुग्णालय असो, तालुक्याचं सरकारी असो की खासगी, गर्दीत आम्हालाही सुचत नाही आणि कुणी विचारलं की आठवतं. केसपेपर काढतानाच तीन गोष्टी विचारा.

पहिली, बधिर करणारी क्रीम. लिडोकेन आणि प्रिलोकेनचं मिश्रण असलेली ही क्रीम मेडिकलमध्ये मिळते. सलाइन लावायच्या किंवा रक्त काढायच्या जागी, अखंड त्वचेवर, जाड थर देऊन वर पारदर्शक पट्टी लावायची आणि तासभर थांबायचं. हिला वेळ लागतो, म्हणून रांगेत असतानाच डॉक्टरांना विचारून लावून घ्या. तान्ह्या बाळाला किती लावायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं. उघड्या जखमेत ही क्रीम घालायची नसते.

दुसरी, टाक्यांना पर्याय आहे का. लहान, सरळ, ताण नसलेली चीर वैद्यकीय गोंदानं चिकटवता येते. डोक्यावरच्या काही जखमांमध्ये दोन्ही बाजूंच्या केसांना पीळ देऊन वर गोंदाचा थेंब टाकला की काम होतं, सुई लागतच नाही. टाकेच लागणार असतील तर विरघळणारे घालता येतील का ते विचारा, म्हणजे काढायला पुन्हा यावं लागत नाही.

तिसरी, बधिर करणारं इंजेक्शन सावकाश द्याल का. त्या औषधाची आग होते. बाटली हातात धरून अंगाएवढी कोमट केली, बारीक सुई घेतली, जखमेच्या आतल्या कडेतून हळूहळू सोडलं, तर आग बरीच कमी होते. सोडिअम बायकार्बोनेट थोडं मिसळलं तर आणखी कमी. यातलं काही खर्चाचं नाही, दोन मिनिटांचं काम आहे. औषध दिल्यावर जागा पूर्ण बधिर होईपर्यंत थांबायचा आग्रह मात्र धरा. टोचून बघा, मगच शिवा.

भाषेचं इथेच ठरवून घ्या. एकच माणूस मुलाशी बोलेल, शक्यतो आई किंवा बाबा. डॉक्टर कन्नडात सांगत असतील तर म्हणा, "सोल्प निल्री, मगुविगे हेळ्तीनि", थोडं थांबा, मुलाला सांगते. एवढ्यानं बहुतेक डॉक्टर थांबतात. मग प्रत्येक पायरी मराठीत सांगा, ती करायच्या आधी: "आता गार कापसानं पुसणार. आता चावणार. एक, दोन..." मुलाच्या कानावर पडणारे शब्दही समजावा. सूजी म्हणजे सुई, नोवु म्हणजे दुखणं. "होलिगे" म्हणजे टाका, हे मुलाला माहीत नसतं. घरी त्यानं ऐकलेली होळगी पुरणाची असते. तुम्हाला कन्नड येत नसेल तर सांगा, आमच्यातलं कुणीतरी मधे उभं राहील.

धरायचं कसं

माझा सगळ्यांत जास्त आग्रह याच गोष्टीसाठी आहे. मुलाला उताणं पाडून दाबू नका. उताणं पडलेलं मूल छताकडे बघतं, वरून तोंडं वाकलेली दिसतात, आपलं काही चालत नाही हे त्याला कळतं आणि ते सगळ्या ताकदीनं झगडतं. बसलेलं मूल कमी झगडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीकरणातल्या वेदनेबद्दल जी भूमिका मांडली, तीतही हेच आहे: बाळाला कुशीत धरा, मोठ्या मुलाला बसवा, झोपवू नका.

हातातून रक्त काढायचं किंवा सलाइन लावायचं असेल तर आईनं खुर्चीवर बसावं. मूल आईकडे तोंड करून मांडीवर, त्याचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी, छाती छातीला टेकलेली. एक हात आईच्या काखेखालून मागे काढून टेबलावर ठेवायचा. त्या हाताचं कोपर आणि मनगट सिस्टर धरेल. आईचे दोन्ही हात मुलाच्या पाठीवर घट्ट. ही मिठीच असते, पण मूल हलत नाही. आम्हाला म्हणा, "तोडे मेले कूरिसकोळ्तीनि", मांडीवर बसवून घेते.

पायाचं ड्रेसिंग असेल तर मूल पाठ टेकून आईच्या मांडीवर, आईचा एक हात त्याच्या छातीवरून, आणि त्याचे हात खेळण्यात गुंतलेले. कपाळाच्या टाक्यांना झोपवावं लागतं, पण तेव्हाही आईनं खाटेवर डोक्याशी बसून मुलाचे खांदे आपल्या मांडीवर घ्यावेत, गाल गालाला लावावा. चादरीत हातासकट गुंडाळायची पद्धत वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला चालते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र ती बांधून टाकल्यासारखी वाटते.

खोलीत माणसं कमी ठेवा. आजी, आत्या, शेजारचे अण्णा, सगळे काळजीपोटी आत येतात आणि सगळे एकदम बोलतात. दोघं पुरेत. आईला रक्त बघवत नसेल तर बाबांनी बसावं, त्यात कमीपणा नाही.

लक्ष दुसरीकडे कसं न्यायचं

तान्ह्या बाळाला दुखत नाही असं एके काळी डॉक्टरही मानायचे. मूळचे भारतीय असलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही शस्त्रक्रियेत नीट वेदनाशामक दिलं तर त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होतो. तान्ह्या बाळासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे आईचं दूध: सुईच्या आधी पाजायला सुरुवात करा, सुईच्या वेळी आणि नंतरही पाजत राहा. ते शक्य नसेल तर साखरेचं पाणी, सुईच्या दोन मिनिटं आधी जिभेवर दोन-चार थेंब, सिस्टरना विचारून. तान्ह्या बाळांत याचा चांगला उपयोग होतो, बाळ मोठं होईल तसा कमी होत जातो. मध मात्र एक वर्षाच्या आत अजिबात नको.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला काही समजावून पटत नाही. त्याला ओळखीचा आवाज हवा. आजीचं रोजचं बडबडगीत, तेच तेच, हळू आवाजात. साबणाचे फुगे उडवले की रडणारं मूलही टक लावून बघतं. तीन ते सहाच्या मुलाला फुंकर मारायला लावा. यात्रेतली कागदी भिंगरी जवळ असेल तर उत्तम, नसेल तर पाच बोटं म्हणजे वाढदिवसाच्या मेणबत्त्या, एकेक विझवायची. लांब श्वास सोडताना अंग आपोआप सैल पडतं. सुई टोचायच्या क्षणी जोरात खोकायला सांगणं हाही उपाय पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांत चालतो.

शाळकरी मुलाला काम द्या आणि निवड द्या. "डावा हात की उजवा?" "बघायचंय की तोंड फिरवायचंय?" "तीन म्हटलं की की पाच म्हटलं की?" निवड खरी असावी. "टोचू का?" असं विचारू नका, कारण ते नाही म्हणेल आणि तुम्ही तरी टोचणारच. यंदाच्या दिवाळीत किल्ला कुठला करणार, बुरूज किती, तोफा कुठे, मावळे कुठे ठेवणार, हे मी विचारते. बेळगावचं पोर यावर अर्धा तास बोलू शकतं, आणि सहा टाक्यांना तेवढाच वेळ लागतो. मोबाइलही चालतो, फक्त कार्टून सुई यायच्या आधी सुरू झालेलं असावं, रडणं सुरू झाल्यावर लावलेल्या कार्टूनकडे कुणी बघत नाही.

दहा-बारा वर्षांपुढच्यांना लहान मुलासारखं वागवलेलं आवडत नाही. त्यांना काय करणार ते सविस्तर सांगा. सुई बघून चक्कर येणारी पोरं याच वयातली. त्यांना आडवं झोपवा आणि मांड्या, पोटऱ्या आवळून धरायला सांगा, रक्तदाब टिकतो.

टोचायच्या जागेच्या थोडं वर रुमालात गुंडाळलेला बर्फ धरला किंवा बोटानं घासलं तर दुखणं कमी जाणवतं. लागल्यावर आपण चोळतो, त्यामागचं कारण १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं: स्पर्शाचा निरोप वेदनेच्या निरोपाची वाट अडवतो.

काही ठरावीक प्रसंग

नाकात मणी, शेंगदाणा, खडू: चिमटा घालू नका, तो आत ढकलला जातो. डॉक्टरांना दाखवून, ते सांगतील तर, आईनं हे करावं. मुलाला "पापी घेते" म्हणून सांगा. मोकळी नाकपुडी बोटानं बंद करा, मुलाच्या उघड्या तोंडाला तोंड घट्ट लावा, किंचित अडथळा जाणवेपर्यंत हळू फुंका आणि मग एक झटकन फुंकर. बऱ्याच वेळा मणी बाहेर येतो किंवा दिसण्याइतका पुढे सरकतो. हत्यार लागत नाही, धरावं लागत नाही. बटण सेल असेल तर मात्र यात वेळ घालवू नका.

कोपर सरकणं: हात धरून वर ओढल्यावर दोन-तीन वर्षांचं मूल हात लोंबता ठेवतं, हलवू देत नाही. डॉक्टर तळहात खाली वळवून क्षणात बसवतात. दहा-पंधरा मिनिटांत मूल खाऊला हात पुढे करतं. आईच्या मांडीवरच करून घ्या.

कुत्र्याचा चावा: इथं मी आईबापांना आधीच सांगते की हे दुखतं. रक्त आलेल्या चाव्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्ध लगेच काम करणारं औषध, सुईनं जखमेतच भरावं लागतं आणि बोटाला ते फार लागतं. पॅरासिटॅमॉल आधी द्या आणि जखमा अनेक असतील तर गुंगीचं औषध देता येईल का विचारा. दुखतं म्हणून हे इंजेक्शन टाळू मात्र नका. पुढचे डोस ठरल्या तारखांना घ्यावे लागतात, म्हणून पहिला दिवस सांभाळला तर बाकीचे सोपे जातात.

भाजल्याचं ड्रेसिंग: सुकून चिकटलेली पट्टी ओढून काढू देऊ नका. सलाइननं भिजवून पाच-दहा मिनिटं थांबायला सांगा. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटॅमॉल द्या. मोठ्या मुलाला पट्टीचं टोक स्वतः सोलू द्या, ते आमच्याहून हळू काढतं आणि कमी रडतं.

हाताबाहेर गेलं तर

मूल पूर्ण बेभान झालं असेल आणि रक्तस्राव थांबलेला असेल, तर थांबायला सांगा. पाच मिनिटं बाहेर न्या, पाणी द्यायचं का ते विचारा, पुन्हा आत या. तरीही जमत नसेल तर चार माणसांनी दाबण्यापेक्षा गुंगी देणं बरं. नाकात फवारायचं मिडाझोलॅम, शिरेतून किंवा दंडात केटामीन अशी औषधं मुलांसाठी वापरली जातात. पण ती जिथं ऑक्सिजन, बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर आणि लक्ष ठेवणारा वेगळा माणूस आहे तिथंच घ्यायची. छोट्या दवाखान्यात ही सोय नसेल तर बेळगावला मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं म्हणून रागावू नका. त्या डॉक्टरांनी योग्यच केलेलं असतं.

घरी आल्यावर आणि टाके काढताना

त्याच संध्याकाळी मुलाकडून सगळं सांगून घ्या. सुरुवात त्यानं नीट केलेल्या गोष्टीनं करा: "तू हात कसा ठेवला होतास, आजीला दाखव." मुलं ही आठवण पुढच्या वेळी सोबत घेऊन येतात, आणि ती कशी बसते ते या बोलण्यावर बरंच ठरतं. बाहुलीला टाके घालायचा खेळ खेळत असेल तर खेळू द्या. काही दिवस अंथरूण ओलं होणं, रात्री दचकणं चालतं. महिनाभर टिकलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चेहऱ्याचे टाके साधारण पाचव्या दिवशी काढतात, डोक्याचे सात ते दहा दिवसांनी, हातापायाचे दहा ते चौदा दिवसांनी. आदल्या रात्री सांगा की उद्या सुई नाही, चिमटा आणि छोटी कात्री, ओढल्यासारखं लागेल. हेही खरंच सांगा, कारण क्वचित एखादा टाका रुतलेला असतो आणि दुखतो. येण्याआधी खपली ओल्या कापसानं मऊ करून आणा. आणि मुलाला टाके मोजायचं काम द्या, निघेल तसा एकेक टाका त्यानंच मोजायचा.